कामगंध सापळा: पैसे वसूल, पण पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या

यंदा पऱ्हाटीत (कपाशीत) पहिल्यांदाच फेरोमोन ट्रॅप, म्हणजे कामगंध सापळे लावले, एकरी 2 प्रमाणे, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं वावर खाल्लं तेव्हापासून आमच्याकडे फवारणी म्हणजे शेजाऱ्यानं पंप पाठीवर घेतला की आपणही घ्यायचा, एवढाच हिशोब होता.

सापळा साधाच आहे, वर झाकण, खाली नरसाळं आणि त्याला लांब प्लास्टिकची पिशवी. झाकणाखाली ल्युअर म्हणजे आमिष अडकवायचं, त्यात मादी पतंगाचा वास असतो. मी नाकाशी धरून पाहिलं, काहीच वास नाही, बाबा म्हणाले फसवलं तुला! पण तो वास आपल्यासाठी नाहीच ना, नर पतंगासाठी आहे, तो मादी समजून येतो आणि पिशवीत पडतो.

आता तक्रार. दुकानदारानं पहिल्या खेपेला ल्युअर दिलं ते हिरव्या बोंडअळीचं, मीही न बघता लावलं. आठ दिवस पिशव्या जवळपास रिकाम्या, मी खुश, यंदा अळीच नाही म्हणून. मग सहज एक डोमकळी (अळी लागून न उमललेलं फूल) उघडली तर आत बारकी अळी बसलेली. तेव्हा कुठे पाकीट वाचलं, हेलिल्युअर, म्हणजे हिरवीचं. गुलाबीसाठी पेक्टिनोल्युअर लागतं. बदलून दिलं, पण तोंड वाकडं करून.

नवीन लावलं आणि दुसऱ्या सकाळी पिशवीत करड्या रंगाचे बारीक पतंग, 5 की 6. रोज मोजून वहीत लिहायला लागलो. एका सापळ्यात रोज 8 पतंग, लागोपाठ 3 दिवस, असं झालं की फवारणीची वेळ आली समजायचं. पुढे आकडा 8 वर गेला, तिथून तिसऱ्या दिवशी 11 होता, त्याच संध्याकाळी फवारलं. आणि सापळ्यावरच भिस्त ठेवू नका, अधूनमधून 20 हिरवी बोंडं फोडून बघा, 2 मध्ये अळी दिसली तरी तोच इशारा.

सापळ्यानं अळी मरते असं समजून घेणार असाल तर घेऊ नका, अळी आत येतच नाही, मादीही येत नाही, एकरी 2 सापळ्यांत फक्त अंदाज कळतो. नर पकडून संख्या कमी करायची तर एकरी 8-10 लागतात, तेवढे मी लावले नाहीत त्यामुळे त्यावर बोलत नाही.

पिशवीचं प्लास्टिक हलकं आहे, दोन वाऱ्यात फाटल्या, सुतळीनं बांधल्या. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो, शेंड्यापेक्षा फूटभर उंच, हे मी एकदा विसरलो आणि पानांत बुडालेल्या सापळ्यात चार दिवस काही आलं नाही. ल्युअर मी 20-22 दिवसांनी बदलतो, उरलेली फ्रीजमध्ये, बायकोच्या शिव्या खाऊन. तंबाखूच्या हातानं ल्युअर धरू नका.

यंदा दोन फवारण्या वाचल्या, सापळ्याचा खर्च एका फवारणीतच निघाला. पाचपैकी चार स्टार, एक पिशवीचा कापला.