पहिल्या दोन दिवसांचा कागद: नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एक शुश्रूषा केंद्र

खोल्या हवेशीर, जेवण साधं आणि गरम. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. या केंद्राची खरी परीक्षा होते ती आजी-आजोबांना दाखल केल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत. घरच्यांना जे पाठ असतं, ते इथे अजून कुणालाच ठाऊक नसतं आणि घोळ तिथेच होतात. अमेरिकेत मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांतल्या नर्सिंग होमना दाखल केल्यापासून ४८ तासांत शुश्रूषेचा प्राथमिक आराखडा करावाच लागतो. इथे तो नियम स्वतःहून पाळतात, हे मनापासून आवडलं.

आराखडा म्हणजे खाटेशी अडकवलेला एकच कागद. चालताना आधार कुणाचा, घास किती मऊ, चष्मा-कवळी-कानाचं यंत्र कुठे ठेवलंय, सगळं त्यावर. कपडे बदलतानाच सिस्टर माकडहाड, खुबे आणि टाचा पाहतात. लाल डाग बोटाने दाबून बघतात; दाबल्यावर पांढरा पडला नाही तर तो बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात धरून मापासकट लिहितात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा टणक लागते का, तेही चाचपतात. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं, नाहीतर जखम हॉस्पिटलातून आली की इथे झाली, यावर पुढे नुसते वाद होतात. कूस दर दोन तासांनी बदलतात आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवतात.

बीपीही नीट घेतात: पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं केल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने उतरला तर रात्री एकट्याने उठू देत नाहीत. नाशिकच्या थंडीत रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आलंच, त्यात पायात मोजे आणि खाली गुळगुळीत फरशी. खाटेखाली रबरी तळव्याची चप्पल ठेवा, असं मात्र आपणच सांगावं लागतं.

औषधांत हे केंद्र कमी पडतं. यादी फक्त डिस्चार्ज कार्डावरून उतरवतात, घरून आणलेली पट्ट्यांची पिशवी ताडून बघत नाहीत. अशाने टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा पोटात जाऊ शकतं आणि बीपी खाली येतं. पट्टीवरच्या ब्रँडचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली, एवढं समोर बसून लिहून घ्या.

उपवासाला तर कागदावर रकानाच नाही! आजी एकादशी धरतात, सकाळी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात आणि त्यावर नुसता चहा. दुपारपर्यंत शुगर उतरलीच समजा. उपवासाचे दिवस आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर टाकून घ्या.

रात्री नऊनंतर एकदा जाऊन नाइट ड्युटीच्या मावशींना विचारा: यांना उठवायचं कसं, पाणी कसं द्यायचं, कोणत्या कुशीवर झोपवायचं नाही? इथल्या मावशींना पहिली दोन उत्तरं पाठ असतात, तिसऱ्याला कागद शोधावा लागतो.

दाखल करताना वजन घेतात, पुढे महिनाभर दर आठवड्याला. पण काटा उभं राहायचाच आहे, त्यामुळे खाटेवरच्या माणसाचं वजन राहूनच जातं. तोवर मोजपट्टीने दंडाचा घेर घेऊन तारखेसह लिहायला सांगा, दर वेळी त्याच हाताचा.