चेन्नई ते रामेश्वरम : गाडी उत्तम, वेळापत्रक सदोष

गेल्या फेब्रुवारीत आई-वडिलांना घेऊन आम्ही चेन्नईहून रामेश्वरमपर्यंत सहा दिवसांचा प्रवास केला. त्यासाठी पुण्यातील एका पर्यटन संस्थेकडून चालकासह गाडी, मुक्कामाची हॉटेले आणि दिवसवार कार्यक्रम असे पॅकेज घेतले होते. गाडी स्वच्छ होती, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता ठरलेल्या रकमेतच धरलेला होता, आणि शेवटपर्यंत कोणी एक रुपयाही जास्त मागितला नाही. माझी तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या आखणीबद्दल, कारण ती करताना दोन गावांमधले अंतर पाहिले गेले, पण देवळाची वेळ पाहिली गेली नाही.

तमिळनाडूतील बहुतेक जुनी मंदिरे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि चार-पाच वाजल्याशिवाय उघडत नाहीत. महाबलीपुरमला ही अडचण येत नाही, कारण तेथील पल्लवकालीन शिल्पे पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि ती दिवसभर पाहता येतात. गंगावतरणाच्या प्रचंड शिल्पपटात मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्याभोवतीचे उंदीर आईला इतके आवडले की समुद्राकाठच्या मंदिराकडे तिला अक्षरशः ओढून न्यावे लागले. पण दुसऱ्या दिवशीच्या कागदावर ‘पुदुच्चेरीत न्याहारी, साडेबारा वाजता चिदंबरम’ असे छापलेले होते. म्हणजे आम्ही बंद दारासमोर पोचलो असतो. आमच्या चालकाने आदल्या संध्याकाळीच तो कागद पाहिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत ‘सहाला निघू’ एवढेच सांगितले. त्याच्यामुळे नऊच्या आत आम्ही नटराजापुढे उभे होतो. तेथील दीक्षित पुजाऱ्यांनी काळा पडदा बाजूला केला आणि मागे मूर्ती नव्हतीच, होती ती फक्त रिकाम्या जागेवर सोडलेली सोन्याच्या बेलपानांची माळ. आकाशतत्त्वाची ही पूजा, ज्याला चिदंबर रहस्य म्हणतात, वडिलांनी लहानपणी कीर्तनात ऐकली होती. अंगरखा काढून, उपरणे सावरत ते हात जोडून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तरंगंबाडीला कागदावर केवळ वीस मिनिटे दिली होती, आणि ते मला अजिबात पटले नाही. डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० साली उभारलेला डॅन्सबर्ग किल्ला, त्याच्यापुढची मोकळी वाळू आणि समुद्राने ज्याचा पुढचा भाग गिळला ते मासिलामणी नाथाचे मंदिर, हे सारे हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही तेथे दोन तास काढले.

तंजावर किनाऱ्यापासून आत असले तरी मराठी प्रवाशाने ते टाळू नये. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. पॅकेजमध्ये स्थानिक मार्गदर्शक नव्हता, त्यामुळे तो लेख शोधण्यातच अर्धा तास गेला. शेवटी आई भिंतीवर बोट न टेकवता, हवेतच एकेक अक्षर गिरवत ओळी लावू लागली, तेव्हा शेजारचे तमिळ कुटुंबही थांबून ऐकत राहिले. मराठी ग्राहकांना सेवा देणाऱ्या संस्थेने ही एक गोष्ट तरी कार्यक्रमात ठळक लिहायला हवी होती.

सर्वांत मोठी चूक रामेश्वरमला झाली. मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नान सकाळी दहाला आणि खोली मात्र नऊलाच सोडायची, असे नियोजन होते. प्रत्येक कुंडावर बादलीने पाणी ओतले जाते, फरशी निसरडी असते आणि ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी कपडे बदलायचे कुठे, याचा विचारच कोणी केला नव्हता. दूरध्वनी केल्यावर संस्थेने खोली दुपारपर्यंत वाढवून दिली, पण त्यासाठी तीन वेळा बोलावे लागले. पहाटे पाचच्या स्फटिकलिंगाच्या दर्शनाचा तर कार्यक्रमात उल्लेखही नव्हता. तेही चालकानेच सुचवले.

धनुष्कोडीला दुपारनंतर लगेच निघावे, कारण संध्याकाळी पुढचा रस्ता बंद करतात. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या भिंती आजही वाळूत उभ्या आहेत आणि रस्ता संपतो तिथे दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. त्याआधी रामेश्वरमला येताना पांबनच्या रस्त्याच्या पुलावरून १९१४ चा जुना रेल्वेपूल आणि त्याच्या शेजारचा, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा नवा पूल आम्हाला एकाच नजरेत दिसले.

या संस्थेकडून मी पुन्हा गाडी घेईन आणि हाच चालक मागेन. कार्यक्रम मात्र स्वतः लिहून देईन : चिदंबरम सकाळी, तरंगंबाडी दुपारी, रामेश्वरमला दोन रात्री.