कुवारबाव की फणसोप : रत्नागिरी शहरातून बाहेर पडताना

मारुती मंदिर परिसरातील दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आम्ही अकरा वर्षे काढली. धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागला, आई कायमची आमच्याकडे राहायला आली आणि ती जागा सर्वांनाच अपुरी वाटू लागली. रत्नागिरी सोडायची नव्हती. शहराचा आधार हाताशी ठेवून थोडे मोकळे राहायचे होते. असा विचार करणाऱ्या कुटुंबासमोर साधारणपणे चार नावे येतात : नाचणे, शिरगाव, कुवारबाव आणि भाट्याच्या पुलापलीकडचा भाट्ये-फणसोपचा पट्टा. नाचणे शहराला इतके लागून आहे की तेथे जाण्याला बाहेर पडणे म्हणावे असे मला वाटले नाही, आणि भावही शहराचेच सांगितले जात होते. मत्स्य महाविद्यालयामुळे परिचित असलेले शिरगाव आम्हाला आवडले होते, पण आमच्या ऐपतीत बसणारी व कागदपत्रे स्वच्छ असणारी जागा त्या वेळी तेथे मिळाली नाही. उरलेल्या दोन ठिकाणी मात्र आम्ही प्रत्यक्ष राहिलो आहोत. कुवारबावला २०१७ च्या जूनपासून अडीच वर्षे भाड्याने राहिलो आणि २०१९ च्या डिसेंबरपासून फणसोपला स्वतःच्या घरात आहोत, त्यामुळे पुढचे लिखाण या दोन ठिकाणांपुरतेच आहे.

कुवारबावच्या सोयी नाकारण्यात अर्थ नाही. कोकण रेल्वेचे स्थानक शहरापासून दूर आहे ही जुनी तक्रार येथे राहणाऱ्याला करावी लागत नाही. तुतारी, मांडवी किंवा कोकणकन्या पकडायची असेल तर घरातून निघताना रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याची वेळ येत नाही आणि मुंबईहून अवेळी उतरलेला पाहुणाही थोड्याच वेळात दारात येतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असलेल्यांना तर यापेक्षा सोयीची वस्ती सापडणे कठीण आहे. किराणा, औषधे, दवाखाना, झेरॉक्सचे दुकान हे सारे पायी अंतरावर मिळते. शाळांच्या गाड्या ठरलेल्या वेळी नाक्यावर येतात आणि एकाच इमारतीतील पाच-सहा मुले बरोबर जातात. आमच्या मुलीला या अडीच वर्षांत ज्या मैत्रिणी मिळाल्या, त्या आजही टिकून आहेत, आणि फणसोपच्या घरात तिला तशी सोबत मिळाली नाही, हे मला मान्य केले पाहिजे.

महामार्ग ही तेथील दुसरी बाजू. मिऱ्या-नागपूर महामार्ग वस्तीच्या मधूनच जातो. धूळ आणि चिखल यांची आलटून-पालटून सोबत होते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला वहीचे पान आणायला रस्त्यापलीकडे एकटे पाठवण्याचे धाडस आम्हाला कधी झाले नाही. तरीही एवढ्या कारणासाठी आम्ही कुवारबाव सोडले नसते. रहदारीची सवय होते. मुलांना हात धरून रस्ता ओलांडायला शिकवता येते.

आम्हाला तेथून बाहेर काढले ते मे महिन्यातील पाण्याने.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे होती. नळाचे पाणी ठरावीक वेळ येत असे आणि बाकीची भिस्त बोअरवर होती. पहिल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात बोअर गुळण्या टाकू लागली. दुसऱ्या वर्षी तीच गत एप्रिलच्या मध्यालाच झाली. मग टँकर सुरू झाले. पैसे सर्वांत वाटले जात, त्यामुळे त्यांचे ओझे फार नव्हते. त्रास होता तो टँकरच्या वेळेचा, कारण ती कधीच कळत नसे. दुपारी येतो म्हणालेला टँकर रात्री अकराला येई, कधी पहाटे साडेतीनला. मागे येताना वाजणारा त्याचा भोंगा ऐकला की ज्याची पाळी असेल त्याने उठून खाली जायचे, जाड नळी टाकीच्या तोंडाशी नीट बसली आहे ना ते पाहायचे आणि टाकी भरेपर्यंत तेथेच उभे राहायचे. सकाळी बादलीच्या तळाशी तांबड्या गाळाचा बोटभर थर बसलेला असे. पत्नी प्रत्येक हंड्यात तुरटी फिरवून पाणी निवळायला ठेवी, आणि निवळलेले वरचे पाणी हलक्या हाताने ओतून घेण्यात तिची सकाळ जाई. हे वर्णन ऐकून कोणी म्हणेल की दीड महिन्याचा प्रश्न आहे, उरलेले साडेदहा महिने तर सुखाचे आहेत. गणित बरोबर आहे, मीही पहिल्या वर्षी स्वतःची अशीच समजूत घातली होती.

परंतु कोकणातल्या घरात मे महिना इतर महिन्यांसारखा नसतो. वर्षभर मुंबई-पुण्यात राहणारी माणसे याच महिन्यात घरी येतात. आंबे-फणस, लग्ने-मुंजी, कुळधर्म, मुलांच्या सुट्ट्या हे सारे याच चार आठवड्यांत येते. दुसऱ्या वर्षी डोंबिवलीहून माझी बहीण मुलांना घेऊन आली, ठाण्याहून मेहुणे आले, आणि त्याच आठवड्यात टँकर दोन दिवस आला नाही. घरात अकरा माणसे होती. आईने न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून प्रत्येकाला एकेक बादली मोजून दिली. माझी सहा वर्षांची भाची पेटीतल्या आंब्यांनी कोपरापर्यंत माखली होती. तिचे हात धुवायला आईने तांब्यातले निम्मे पाणी वापरले आणि उरलेले निम्मे परत पातेल्यात ओतले. बहीण दोन दिवस आधीच परत गेली. मुलांचे क्लास आहेत, असे कारण तिने सांगितले. त्या रात्री आई जेवली नाही. मला एवढेच म्हणाली, "मे महिन्यात माहेरवाशिणीला पाणी मोजून दिले मी." त्यानंतर मी ज्या ज्या जागा पाहिल्या, तेथे पहिला प्रश्न पाण्याचा विचारला.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात असे का व्हावे, याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. कुवारबावची वस्ती सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आहे. जांभा सच्छिद्र असतो. चार महिन्यांचे पाणी त्याच्या भोकाभोकांतून खाली उतरते, जांभ्याखालच्या शेडीच्या, म्हणजे चिकट मातीच्या, थरावर अडते आणि मग आडवे सरकत सड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते. म्हणजे पाऊस सड्यावर कोसळतो आणि त्याचे पाणी वर्षभर पुरते ते खालच्या वाडीला. आपल्या जुन्या वाड्या उताराच्या पायथ्याशी का वसल्या आणि सडे गुरांना व गवताला का सोडले गेले, हे मला या एका प्रश्नामुळे नीट कळले. शहराला शीळ धरणाचे पाणी मिळते, परंतु नगरपरिषदेची हद्द ओलांडली की प्रत्येक ग्रामपंचायतीची नळपाणी योजना वेगळी आणि तिची क्षमताही वेगळी. त्यामुळे "रत्नागिरीत पाण्याचे कसे आहे?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, वाडीगणिक ते बदलते. कुवारबावलाही उताराच्या बाजूस असलेल्या काही घरांच्या विहिरी मेमध्ये टिकून असतील, आणि आम्ही ज्या इमारतीत राहिलो तिच्यावरून सर्व परिसराला दोष देणे योग्य होणार नाही.

फणसोपची जागा आम्ही मुद्दाम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहायला गेलो. घर जुने, चिऱ्याचे, कौलारू. मागे माडांची रांग, एका बाजूला पडका गडगा आणि गडग्याच्या आत विहीर. शेजारचे आजोबा काठी टेकत आले आणि घराविषयी काही बोलण्याआधी म्हणाले, "ह्या बावीचा तळ मी कधी बघितला नाय. आधी पाणी पिऊन बघा, मग घर बघा." कळशी वर आली तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगावर दव धरले होते. पाणी गोड होते. पत्नीने तेथेच उभे राहून दोन ओंजळी प्यायल्या, आणि मला वाटते, व्यवहार त्याच क्षणी ठरला. पुढचे सहा महिने कागदपत्रांत गेले एवढेच.

पण या बाजूची प्रत्येक विहीर अशी नाही. किनाऱ्याच्या जसजसे जवळ जावे, तसतसे एप्रिलनंतर पाणी मचूळ होत जाण्याची शक्यता वाढते. आमच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, समुद्राच्या बाजूला असलेल्या एका घरात मेमध्ये पिण्याचे पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून आणतात. समुद्र दिसणारी जागा आणि गोडे पाणी असलेली जागा या दोन्ही एकाच व्यवहारात मिळाल्या तर उत्तम, पण निवड करावीच लागली तर माझे मत उताराच्या कुशीतल्या जागेला आहे.

खाऱ्या वाऱ्याचा त्रास मात्र फणसोपला आहे आणि तो कायमचा आहे. खिडक्यांच्या गजांना दरवर्षी रंग द्यावा लागतो, मुलांच्या सायकलींच्या साखळ्या एका पावसाळ्यात गंजतात आणि बिजागऱ्या पितळी घेतल्या तरच टिकतात. रिक्षावाले परतीचे भाडे मिळत नाही म्हणून जास्त पैसे मागतात, आणि त्यांचेही म्हणणे खोटे नाही. पावसकडे जाणाऱ्या एसटीचा आधार आहे, पण संध्याकाळी उशिरा क्लास सुटला की मुलीला आणायला आम्हा दोघांपैकी एकाला जावेच लागते. काजळी नदीवरचा भाट्याचा पूल हाच शहराकडे जाण्याचा जवळचा मार्ग. जुलैमध्ये त्या पुलावर खाडीच्या तोंडाकडून येणारा वारा दुचाकी शब्दशः ढकलतो. मुलाला मागे बसवून मी पावसाळ्यात पुलावरून जात नाही. आईला एकदा रात्री जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा मोटारीने वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे मला फार लांब वाटली, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ज्यांच्या घरी वारंवार दवाखान्यात न्यावे लागणारे माणूस आहे, किंवा ज्यांना महिन्यातून चार वेळा मुंबई गाठायची असते, त्यांनी कुवारबावचा विचार आधी करावा असे मी प्रामाणिकपणे सुचवीन. मात्र अशा वेळी इमारतीतील राहणाऱ्यांना भेटून गेल्या मेमध्ये किती टँकर आले, हे विचारल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये.

विजेचाही प्रश्न पुलापलीकडे अधिक आहे. माड पडतो, तारा तुटतात, आणि दुरुस्तीचे पथक आमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. फ्रीजमधले सारे फेकावे लागले. पण विहिरीवर जुनी कप्पी होती. दोर आणि कळशी घेऊन आम्ही पाणी काढले, शेजारच्या दोन घरांनाही दिले. मुलगा तेव्हा पहिल्यांदा पाणी शेंदायला शिकला. तळहाताला फोड आले तरी त्याने दोर सोडला नाही. त्या तीन दिवसांत मला वारंवार कुवारबावची ती टाकी आठवत होती, कारण वीज नसती तर तिच्यातले पाणी चौथ्या मजल्यावर चढलेच नसते.

मुलांच्या दृष्टीने पाहिले तर भाट्याची पुळण आणि सुरूचे बन ही जवळ असणे मोठी गोष्ट आहे. रविवारी सकाळी दोन तास तेथे गेले की आठवडाभर मुले शांत झोपतात, असा आमचा अनुभव आहे. नदीच्या मुखाशी पाण्याची ओढ असते, म्हणून मुलांना तेथे पोहायला मी जाऊ देत नाही आणि नव्याने येणाऱ्यांनीही देऊ नये. पुळणीवर खेळावे, शंख वेचावेत, एवढेच.

कागदपत्रांबाबत थोडे. कुवारबावला बहुतेक व्यवहार सदनिकांचे किंवा बिनशेती प्लॉटचे होतात, त्यामुळे ते तुलनेने सरळ असतात आणि कर्जही लवकर मिळते. फणसोपला सातबाऱ्यावर नावांची रांग असते. आमच्या विक्रेत्याच्या एका चुलत बहिणीची संमती मिळवण्यात चार महिने गेले. शिवाय १९९१ पासून भरतीरेषेपासूनचा ५०० मीटरपर्यंतचा पट्टा आणि खाडीकाठ सागरी किनारा नियमनाखाली येतो, आणि २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी त्याचे तपशील बदलले आहेत. जुने घर दुरुस्त करायचे असले तरी आधी जाणकाराकडून नकाशा तपासून घ्यावा. विहीर आपल्या हद्दीत असली तरी तिच्यावर इतर हिस्सेदारांची वहिवाट आहे का, हेही लेखी स्पष्ट करून घ्यावे. आम्ही ते खरेदीखतात नमूद करून घेतले.

दोन्हीपैकी कोणतीही जागा पाहायची असेल तर दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत पाहून निर्णय घेऊ नये, कारण त्या दिवसांत बहुतेक विहिरींना भरपूर पाणी दिसते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे. दोराला दगड बांधून विहिरीत सोडावा आणि वर काढल्यावर भिजलेला दोर हातांनी मोजावा. आमच्याकडे त्या दिवशी तो चार हात भिजला होता. मग मालकाची परवानगी घेऊन पाच लिटरचा कॅन भरून घरी न्यावा आणि त्या पाण्यात तूरडाळ शिजवून पाहावी. पाणी मचूळ असेल तर डाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही.