ओढा खणायचा की वाहू द्यायचा? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

मार्च उजाडला की गावोगावच्या ग्रामसभेपुढे एक ठराव येतो: 'ओढा खोलीकरण व रुंदीकरण'. निधी आलेला असतो, पोकलेन कुणाचं हेही बहुतेक ठरलेलं असतं, सदस्यांनी फक्त हात वर करायचा. हल्ली मात्र एखादा पोरगा उठतो आणि विचारतो, ओढा खणण्यापेक्षा पहिल्यासारखा वाहता नाही का करता येणार? कुणीतरी हसतं. तेवढ्यात चहा येतो आणि प्रश्न तिथंच राहतो.

तो प्रश्न मला रास्त वाटतो, कारण आमच्या शिवारात त्याची दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी वाहतात. थोरला ओढा गावाला खेटून जातो, धाकटा डोंगरातून येऊन खाली त्याला मिळतो. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेच्या दिवसांत थोरला खणला: पाऊण किलोमीटर, दोन पुरुष खोल, मध्ये तीन सिमेंटचे बंधारे. धाकट्याकडे पोकलेन न्यायला वाट नव्हती आणि वाटेतल्या भावकीनं बांधावरून मशीन जाऊ दिलं नाही. तेव्हा आम्ही त्यांना भरपूर शिव्या घातल्या. पुढं धाकट्याच्या माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) काढले, ओघळींत दगडी बांध रचले, गुरं चारायची थांबवली आणि दोन्ही काठांना थोडी थोडी जागा सोडली. पाऊस एकच, खडक एकच, उपाय दोन.

पहिल्या वर्षी कोण जिंकलं? थोरला, आणि तेही दणक्यात. ऑक्टोबरात पाणी काठोकाठ. जलपूजन झालं, नारळ फुटला, सगळ्यांचे फोटो निघाले. धाकट्यात पोटरीएवढी धार होती, तिचा फोटो कोण काढणार? ज्याला यंदाच्या रब्बीचं एक पाणी हवंय आणि पुढचं पुढं बघू म्हणायचंय, त्याला खोलीकरणच बरं वाटणार. त्यात त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

चौथ्या-पाचव्या वर्षी चित्र उलटलं. थोरल्यातलं पाणी संक्रांतीच्या आगेमागे संपायला लागलं. धाकट्याची धार शिमग्यापर्यंत टिकू लागली आणि त्याच्या दोन डोहांत मे महिन्यातही गुरांना पुरेल एवढं पाणी राहू लागलं.

हे असं का होतं

आपल्याकडच्या बहुतेक भागात खाली काळा कातळ, त्यावर मुरमाचा थर आणि त्यावर माती. विहिरींचं पाणी राहतं ते मुख्यतः त्या मुरमात आणि कातळाच्या वरच्या भेगांत. शिवारातली सगळ्यात खोल जागा म्हणजे ओढा, म्हणून मुरमातलं पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू ओढ्यात पाझरतं. थंडीत ओढा वाहतो तो याच पाझरावर. पोकलेननं गाळ काढून पुढं मुरमातही हात घातला, की पाझराचं तोंड आणखी खाली जातं आणि दोन्ही काठांच्या विहिरींमधलं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. दिसायला ओढ्याला पाणी आलं. खरं म्हणजे आपण विहिरीतलं पाणी उन्हात आणून ठेवलं. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्याची दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ होते, म्हणजे महिन्याला जवळपास फूटभर पाणी नुसतं उडून जातं. शिवाय पुराबरोबर येणारा बारीक गाळ दोन-तीन पावसाळ्यांत तळाशी बसतो आणि तळ लिंपल्यासारखा होतो. मग मुरणंही मंदावतं.

यावर 'शिरपूरला कसं जमलं?' हा प्रश्न हमखास येतो. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास ओढे-नाले खोल खणून बंधारे घालायचं काम सुरू केलं. त्या तालुक्याचा बराच भाग तापीच्या गाळाचा आहे. वर पाणी न मुरू देणारी चिकणमाती आणि तिच्याखाली वाळूचे जाड थर. चिकणमाती फोडली की पाणी खाली उतरतं, हा त्यामागचा विचार, आणि त्या जमिनीला तो लागू पडतो. त्याची नक्कल पुण्या-साताऱ्याच्या किंवा मराठवाड्याच्या कातळावर करणं म्हणजे एका रोग्याची चिठ्ठी घेऊन दुसऱ्यानं औषध आणणं. जलयुक्त शिवारवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात आला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात नोंदवलं आहे. त्या योजनेत चांगली कामंही झाली, पण मशीन जिथं पोचलं तिथं खणलं, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिलाय.

आकडे मांडून बघा

ठरावात लिहिलेलं असतं '१० टीसीएम साठवण'. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. तेवढ्यासाठी ५०० मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल चर: १० हजार घनमीटर, एक कोटी लिटर. ऐकायला भारी वाटतं. पावसाळ्यात तो तीन-चार वेळा भरला असं धरू, तर ३०-४० हजार घनमीटर. आता त्याच ओढ्याचं पाणलोट ३०० हेक्टर धरा. चर, ताली, गवत यांमुळे तिथं पाऊस फक्त एक सेंटिमीटर जास्त मुरला, तर ३० हजार घनमीटर होतात. सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात हा साठावा हिस्सा आहे, आणि तो जमिनीच्या पोटात असतो, वाफ होऊन जात नाही. पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारनं आधी माथा सावरला, मग पायथ्याकडे उतरले, आणि शेतीसाठी बोअर मारायचे नाहीत हा नियम गावानं स्वतःवर घालून घेतला. तिथलं यश सांगताना लोक चर मोजतात, नियम विसरतात.

दुसऱ्या पर्यायाची दुखरी नस नेमकी इथं आहे. माथ्यावर कितीही चर काढा, काठावरच्या मोटारींनी पाण्याची पातळी ओढ्याच्या तळाखाली नेली, तर धार लागणार नाही. ओढा वाहता ठेवायचा तर उपसा आवरावा लागतो, आणि उपसा आवरायचा तर उसावर बोलावं लागतं. आमच्या गावात ते अजून धड झालेलं नाही. धाकटा टिकला, कारण त्याच्या काठाला बागायत कमी होती.

खणलेल्या ओढ्यातलं पाणी कुणाचं, हेही सभेत कुणी विचारत नाही. ज्याचं शेत काठाला आणि ज्याच्याकडे मोटार, त्याचं. वाहत्या धारेवर मेंढरं पाणी पितात, बायका धुणं धुतात, भूमिहीनाची म्हैस डुंबते. थोरल्याचे काठ आता इतके ताठ आहेत की म्हशीला खाली उतरायला वाट नाही. धनगरांनी यंदा वाडा आणलाच नाही.

जिवांचं काय

यात खरं म्हणजे तुलनाच होऊ शकत नाही. थोरल्याचा तळ सगळीकडे सारखा खोल आणि सपाट. दगड उचलून नेले, काठाची करंजं गेली, पाण्यावर सावली नाही. उन्हाळ्याच्या तोंडी खड्ड्यांत उरलंसुरलं पाणी तापतं, हिरवं होतं. बगळे येतात तेवढेच.

धाकट्याला वळणं आहेत. एक डोह, मग खळाळ, मग वाळूचा पट्टा, पुन्हा डोह. खळाळात पाणी दगडांवर फुटतं तिथं त्यात हवा मिसळते. एखादा दगड उलटा करून बघा: खाली चतुरांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, शेजारी नखाएवढी खेकड्याची पिल्लं. काठच्या लव्हाळ्यात पाणकोंबडी असते. उंबराच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या बसतो आणि थंडीत शेपटी हलवत धोबी येतो. आम्ही यातलं काहीच आणून सोडलं नाही. जागा ठेवली, ते आपले आले.

सगळ्यात वाईट दृश्य मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाचं असतं. चढणीचे मासे वर निघतात. पुढं उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालायची असतात. थोरल्यातून वर येणारे मळे आणि खवली पहिल्या सिमेंट बंधाऱ्यापाशी थबकतात. भिंत छातीएवढी. ते उड्या घेतात, सिमेंटवर आपटतात, परत पाण्यात पडतात. पोरं खाली टोपल्या धरून बसलेली असतात आणि तासाभरात पाटीभर मासे होतात. मीही लहानपणी चढणीचे मासे धरलेत, पण तेव्हा निम्मे तरी हातातून सुटून वर जायचे. आता वर कुणीच जात नाही, आणि चार वर्षांपासून त्या पाटीतले मासेही कमी होत चाललेत.

बंधारा हवाच असेल तर जुन्या लोकांची युक्ती घ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस ओसरला की बसवायचे, त्यामुळे गाळही पुढं जातो आणि मासाही वर जातो. छोट्या ओढ्याला तर गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा पुरतो. श्रमदानाचं एका दिवसाचं काम.

पूर, खर्च, वेळ

खोल आणि सरळ ओढा पुराचं पाणी लवकर पुढं ढकलतो, हे खरं. पण पुढं म्हणजे खालच्या गावात. वरच्या टोकाला जिथं खणणं थांबतं तिथं पायरी तयार होते, आणि दर पुरात ती उलटी वर सरकत तळ खात जाते. आमच्या साकव पुलाचा पाया तसाच उघडा पडला. शहरांत ओढ्याला भिंतींत कोंबण्याचा अनुभव पुण्यानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुरात घेतला. त्यावर वेगळं लिहायला हवं.

पैशाचं म्हणाल तर खोलीकरणाचा खर्च एकदम येतो आणि एकदम दिसतो, महिन्याभरात काम संपतं. नंतर गाळ काढायला पुन्हा मशीन लागतं, तो खर्च ठरावात नसतो. दुसऱ्या पर्यायात मजुरी जास्त, डिझेल कमी, पण तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, त्यामुळे अडचण कुठं आहे ते तुम्ही ओळखलंच. लागवडीला मात्र फार खर्च नाही. वाळुंजाची आणि निरगुडीची फांदी पावसाळ्यात ओल्या काठात रोवली की फुटते. करंज, जांभूळ, उंबर वरच्या बाजूला लावा. वेडी बाभूळ आणि बेशरम मुळासकट काढा, नाहीतर दोन वर्षांत काठ त्यांचाच होतो. आणि गावाचं सांडपाणी ओढ्यात येत असेल तर आधी शोषखड्डे करा. गटाराच्या पाण्यावर कुठलाच पर्याय चालत नाही.

मी कुठं हात वर करीन

जुन्या बंधाऱ्यामागचा किंवा पाझर तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा असेल, तर बेशक मशीन लावा. तुमचं शिवार तापी-पूर्णेच्या गाळाचं असेल, तर भूजल खात्याच्या माणसाला दाखवून खणायचा विचार करा. कातळ-मुरमाच्या गावात ओढ्याचा जो भाग अजून वळणं घेतो, ज्यात डोह आहेत आणि काठाला झाडं उभी आहेत, त्याला मी हात लावू देणार नाही. तिथं पैसा माथ्यावर घाला. जो भाग आधीच खणून गेलाय, तिथं बंधाऱ्यांच्या भिंतींत दगडांचा उतार रचून माशांना वाट करा आणि काठ तिरपे करून घ्या. थोरल्यावर आम्ही यंदा तेच मागतोय.

सभेच्या आधी एक काम करा. ओढ्याच्या तळात कुदळीनं चार ठिकाणी खड्डे घ्या आणि गाळ किती फुटांवर संपून मुरूम लागतो ते मोजा. जवळच्या तीन विहिरींची पाणीपातळी दोरीनं मोजून वहीत तारखेसह लिहा. आणि खणायचंच ठरलं, तर 'मुरूम उचलला जाणार नाही' हे वाक्य ठरावातच लिहून घ्या. तोंडी ठेवलं तर मे महिन्यात ओढ्यात ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि मुरमाला ब्रासमागे (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काय भाव मिळतो ते कळलं की गाळ कुठं संपला हे मग कुणालाच दिसत नाही.