जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ : आठ महिने वापरून

लॅपटॉप २०१२ साली घेतलेला. दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, इंटेलचं एचडी ३००० ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं जीफोर्स जीटी ५४०एम. मधल्या काळात रॅम ८ जीबी केली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, बॅटरी एकदा बदलली. माझं काम डीटीपीचं. नाशिकला घरातूनच लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं आणि हंगामात द्राक्षपेट्यांची लेबलं. पिंपळगाव, दिंडोरीकडचे लोक डिसेंबरात फोन करायला लागतात आणि मार्च संपेपर्यंत उसंत नसते. काम सगळं इंकस्केप आणि गिंप या चित्रं-मांडणीच्या प्रोग्राममध्ये. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला तर माझं दुकान बंद.

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. तिच्या आधीच्या आवृत्तीवर, मिंट २१ वर, सगळं सुरळीत होतं, हे आधीच कबूल करते. एनव्हिडियाचा ३९० नंबरचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) होता, कर्नल (प्रणालीचा गाभा) ५.१५ होता, कसलीच कुरकुर नव्हती. मिंट २१ ला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे घाई काहीच नव्हती. पण दिवाळीत चार दिवस मोकळे मिळाले आणि हौस नडली. ५४०एम हे एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी घराण्यातलं कार्ड. त्यासाठीची ३९० ची शाखा कंपनीने २०२२ च्या शेवटी थांबवली, आणि मिंट २२ ज्या उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीवर उभं आहे त्यात तो ड्रायव्हर मिळतच नाही. हे मला माहीत होतं. म्हटलं, नूव्हो आहे की! नूव्हो म्हणजे कर्नलबरोबर येणारा मुक्त ड्रायव्हर.

पेनड्राइव्हवरून मिंट २२ सुरू केलं. मेन्यू दिसला, एंटर मारलं, आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं थांबले, काळीच. पुन्हा सुरू करून मेन्यूतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडला तर डेस्कटॉप आला. त्यातूनच इन्स्टॉल केलं आणि विजयी मुद्रेने चहा घेतला.

इथे पहिली चूक. कंपॅटिबिलिटी मोड कर्नलला ‘नोमोडसेट’ नावाची सूचना देतो. त्याचा अर्थ, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने स्क्रीनचा ताबा घेऊ नये. तात्पुरतं आत शिरायला हे उत्तम आहे, पण त्यावर संसार करायचा नसतो. मी दोन आठवडे केला. अक्षरं जाडी आणि फाकलेली दिसायची, कारण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं. ब्राइटनेसची बटणं मेलेली. इंकस्केपमध्ये पत्रिकेची वेलबुट्टी सरकवली की ती माझ्यामागून अर्ध्या सेकंदाने यायची, आणि पंखा असा ओरडायचा की आई आतल्या खोलीतून विचारायची, “मिक्सर कशाला लावलायस?”

टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी’ या आज्ञेला ग्राफिक्सची माहिती विचारली तेव्हा रेंडररच्या, म्हणजे चित्रं काढणाऱ्याच्या, जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव आलं. तुमच्याकडे हे नाव दिसलं तर समजून जा : ग्राफिक्स कार्ड हातावर हात ठेवून बसलंय आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढतोय. माझ्याकडे दोन-दोन ग्राफिक्स असून दोन्ही रिकामटेकडी.

मग ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या, मेन्यूत ‘ई’ दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘नोमोडसेट’ खोडलं आणि एफ-१० दाबलं. पुन्हा काळी स्क्रीन. संशय अर्थातच नूव्होवर गेला. जुनी कार्डं आणि नूव्हो म्हटलं की सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. मी त्याला ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे कर्नलने तो लोडच करू नये अशी फाइल लिहिली. फरक शून्य. वर लॅपटॉप आणखी तापायला लागला. त्याचं कारण मला नंतर कळलं, पुढे सांगते.

तोवर पहिल्या लेबलांचे फोन सुरू झाले होते. धीर सुटला आणि कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या दादांनी लॅपटॉप चालू केला, काळी स्क्रीन पाहिली आणि मान हलवली.

“ताई, बोर्ड गेलाय. ग्राफिक्सची चिप. रीबॉलिंग करावं लागेल, म्हणजे चिप काढून पुन्हा डाखायची, साडेतीन हजार. गॅरंटी नाही.”

“पण दादा, कंपनीचा लोगो दिसतो. ग्रबचा मेन्यू दिसतो. चिप गेली असती तर ते कसं दिसलं असतं?”

“मग विंडोज टाकून बघा.”

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले. त्यांना दोष देत नाही. गंज, चिकटलेले पंखे, पडलेले लॅपटॉप रोज बघणाऱ्याला रोग बोर्डातच दिसणार. पण माझा प्रश्न बरोबर होता. बायोसची (लॅपटॉपमधल्या मूळ प्रोग्रामची) स्क्रीन आणि मेन्यू नीट दिसत असेल आणि नंतरच काळोख होत असेल, तर आधी सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा.

उत्तर सापडलं ते लाइट गेल्यामुळे. संध्याकाळ होती, लॅपटॉप बॅटरीवर, स्क्रीन काळी, खोलीत अंधार. मेणबत्ती शोधायला मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड तिरका स्क्रीनवर पडला. आत, खोल पाण्यात पडलेल्या नाण्यासारखं, मिंटचं पान दिसलं. जवळ गेले तर लॉगिनची चौकट, माझं नाव, घड्याळ, सगळं जागच्या जागी. डेस्कटॉप रोज सुरू होत होता. फक्त पॅनलमागचा दिवा बंद होता.

म्हणजे बॅकलाइट. ड्रायव्हरचा संबंध होता, पण मी ज्याला दोन आठवडे शिव्या घातल्या तो नूव्हो त्यात कुठेच नव्हता. जुने कर्नल अशा लॅपटॉपवर ब्राइटनेसचे दोन मार्ग एकदम नोंदवायचे : एक बायोसचा आणि एक इंटेलच्या ड्रायव्हरचा. त्यातला एक चालला की काम भागायचं. ६.१ पासून कर्नल एकच मार्ग निवडतो. मिंट २२ चा कर्नल ६.८, आणि माझ्या विंडोज ७ च्या काळातल्या बायोससाठी त्याने बायोसचाच मार्ग निवडला. तोच बिघडलेला. नोमोडसेटमध्ये कुणी दिव्याला हात लावत नव्हतं, म्हणून तिथे उजेड होता.

उपाय एका ओळीचा. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे ‘acpi_backlight=native’ लिहायचं, ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं, रीस्टार्ट. मी आधी शेवटी ‘नेटिव्ह’च्या जागी ‘व्हेंडर’ लिहून पाहिलं होतं, त्याने काही झालं नाही. ‘नेटिव्ह’ने, म्हणजे इंटेलच्या ड्रायव्हरच्या मार्गाने, स्क्रीन उजळली आणि ब्राइटनेसची बटणंही जिवंत झाली. मात्र कायमचं लिहिण्याआधी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून एकदाच्या बूटपुरतं करून बघा. चुकलं तर नुसतं रीस्टार्ट केलं की बदल पुसला जातो.

राहिला तो ताप. कार्ड ब्लॅकलिस्ट केलं म्हणजे ते बंद झालं अशी माझी समजूत होती. झालं होतं उलटं. कार्ड झोपवायचं काम ड्रायव्हरच करतो. ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर कार्ड कुणाच्याही उपयोगाचं नसताना रात्रंदिवस जागं. ब्लॅकलिस्टची फाइल काढली, इनिट-रॅम-एफएस (कर्नल सुरू होताना लागणारी फाइल) पुन्हा बनवलं, रीस्टार्ट केलं. मग रूट होऊन, म्हणजे पूर्ण अधिकार घेऊन, दोन्ही ग्राफिक्सची स्थिती दाखवणारी ‘व्हीजीए-स्विचरू’ची फाइल वाचली. एनव्हिडियाच्या ओळीत ‘डायन-ऑफ’ आलं. म्हणजे कार्ड आपोआप बंद. त्या ठिकाणी ‘डायन-पॉवर’ दिसलं तर कुणीतरी त्याला जागं ठेवलंय. पंखा दहा मिनिटांत शांत झाला. बॅटरी सव्वा तासावरून अडीच तासांवर गेली. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला तेव्हाही लॅपटॉप मांडीवर घेता येत होता, हे मला त्या बॅटरीपेक्षा मोठं वाटतं.

नूव्होने फर्मी कार्ड जागं करून वापरायचं म्हटलं, तर ते वेगात चालत नाही. फर्मीचा क्लॉक (चिपचा वेग) वाढवण्याची सोय नूव्होत नाही, त्यामुळे कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच रांगतं. भाच्याला ब्लेंडर हा थ्रीडी चित्रांचा प्रोग्राम शिकायचा होता. ब्लेंडर ४.० पासून ग्राफिक्सला ओपनजीएल (चित्रं काढून घ्यायची ठरलेली भाषा) ४.३ यावं लागतं आणि एचडी ३००० ची धाव ३.३ पर्यंतच. म्हणून त्याने ‘डीआरआय प्राइम’ ही काम दुसऱ्या कार्डाकडे वळवणारी सूचना लावून एनव्हिडियावर चालवलं. उघडलं. घन फिरवला तर पत्त्यांची चवड पालटल्यासारखा एकेक फ्रेम आला. “मावशी, हे माझं कॉलेज संपेपर्यंत फिरेल,” म्हणाला आणि स्वतःच्या मित्राकडे गेला. ब्लेंडर, गेम किंवा मोठा व्हिडिओ करायचा असेल तर या लॅपटॉपवर मिंट २२ टाकू नका. मिंट २१ आणि ३९० वर राहा, नाहीतर दुसरं मशीन बघा. मात्र ३९० ला नवीन दुरुस्त्या येत नाहीत, हे धरून चाला.

माझ्या कामाला इंटेल पुरतं. बाराशे लेबलांची शीट इंकस्केपमध्ये उघडायला वेळ लागतो तो प्रोसेसरमुळे, ग्राफिक्समुळे नाही. हे कळायला मला बारा वर्षं लागली.

यूट्यूब सुरुवातीला अडखळायचं. व्हिडिओ दाबून पाठवण्याच्या पद्धतींपैकी एचडी ३००० ला एच-२६४ स्वतः उलगडता येतं, व्हीपी-९ नाही, आणि यूट्यूब आपणहून व्हीपी-९ पाठवतं. यूट्यूबकडून एच-२६४ च मागणारं ‘एच-२६४-इफाय’ नावाचं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये टाकलं, सोबत जुन्या इंटेलसाठीचा ‘आय-९६५’ व्हिडिओ ड्रायव्हर. ७२० पी आता सहज चालतं.

बाहेरच्या मॉनिटरचा घोळ मात्र आहे. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं आहे, व्हीजीएचं इंटेलला. एचडीएमआयची वायर लावली की झोपलेल्या कार्डाला पत्ताच लागत नाही. डिस्प्लेचं सेटिंग एकदा उघडावं लागतं, मग ते दचकून जागं होतं, चित्र येतं आणि पंखाही सुरू होतो. म्हणून रविवार कारंजाजवळून जुना व्हीजीएचा मॉनिटर आणला. रंग थोडे फिके आहेत. लेबलाचा जांभळा प्रिंटच्या प्रूफवरच बघते, मॉनिटरवर भरवसा ठेवत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आठ महिन्यांत तीनदा झाकण मिटून उघडल्यावर मशीन अडकलं, पॉवरचं बटण दाबून धरावं लागलं. लॉगमध्ये दोन वेळा शेवटची ओळ नूव्होची होती, तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. टॉर्च मारून पाहिला, या वेळी आत खरंच काही नव्हतं. तेव्हापासून हंगामात झाकण मिटलं तरी झोपू नकोस असं सेटिंग केलंय, आणि फाइल सेव्ह केल्याशिवाय चहाला उठत नाही.