बायपास सिकेटर, दहा महिने वापरून: पातं उत्तम, स्प्रिंगने घात केला

आधी तक्रार, कारण तीच डोक्यात बसली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मोगऱ्याची चौदा झुडपं छाटायला घेतली आणि सहावं झुडूप संपता संपता कात्रीची स्प्रिंग उडाली. फणसाच्या पाचोळ्यात गेली ती गेलीच. मी आणि आईने अर्धा तास पानं चाळली, शेवटी लोहचुंबक दोरीला बांधून फिरवलं. मिळाली नाही.

कात्री नेहमीची आठ इंची बायपास जातीची, म्हणजे धारेचं पातं समोरच्या बोथट आकडीला घासून बाजूने सरकणारी, एसके-५ पोलादाच्या पात्याची, ८५० रुपयांची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात २०० रुपयांत मिळते ती सोडून मुद्दाम ही मागवली, ती आईसाठी. आई ७२ वर्षांची आहे आणि तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. मूठ दाबायला तिला जमतं, पण दाबलेली मूठ परत उघडताना बोटं कळवळतात. उघडायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग गेली की माझ्यासाठी कात्री थोडी अवघड होते, आईसाठी ती संपतेच. आणि मोगरा आमच्याकडे आईच छाटते, गेली चाळीस वर्षं.

म्हणून स्प्रिंग कशी बसवली आहे ते नीट बघून घेतलं. दोन्ही मुठींच्या आतल्या बाजूला एकेक खुंटी आहे, जेमतेम तीन मिलिमीटर उंच. स्प्रिंग त्या दोन खुंट्यांवर नुसती टेकलेली. खाच नाही, आकडा नाही. कात्री जरा तिरकी धरून जास्त उघडली की स्प्रिंग सुटणारच. हा वापरणाऱ्याचा दोष नाही, बनवणाऱ्याचा आहे.

कस्टमर केअरला तीन फोन झाले. पहिल्या वेळी बिलाचा फोटो मागितला. दुसऱ्या वेळी स्प्रिंगचा फोटो मागितला. हरवलेल्या वस्तूचा फोटो आणायचा कुठून? तिसऱ्या वेळी सांगितलं की स्प्रिंग वॉरंटीत येत नाही, सुटी मिळत नाही, नवीन कात्री घ्या. वीतभर तारेसाठी परत ८५० रुपये! मी ते घालणार नव्हतो आणि घातले नाहीत.

यात वेळ गेला, आणि मोगऱ्याच्या बाबतीत वेळच महत्त्वाची. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. पाऊस संपून थंडी पडली की पाणी तोडायचं, झुडूप जमिनीपासून दीड फुटावर छाटायचं, उरलेली पानं ओरबाडून काढायची आणि मग शेणखत, पाणी. तामिळनाडूतले मोगरा पिकवणारे नोव्हेंबरअखेरीस छाटतात. आमच्याकडे गोव्यात डिचोली भागात डिसेंबर उजाडतो. आमची सहा झुडपं डिसेंबरात छाटली गेली, आठ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आज मार्चमध्ये त्या सहांवर कळ्या लगडल्या आहेत आणि बाकी आठांवर नुसती कोवळी पानं. पाणी एक, माती एक. फरक फक्त स्प्रिंगचा.

इथवर लिहिलं आणि दोन तारे देऊन थांबणार होतो. मग आज सकाळी जास्वंदीपाशी जाऊन जुने काप पाहिले आणि मत बदलावं लागलं.

आधीची आमची कात्री ॲन्व्हिल जातीची, म्हणजे पातं सपाट पाटावर आपटणारी. वाळक्या काटक्यांना ठीक, पण ओली फांदी त्यात चेपते. चेपलेली साल काळी पडते आणि फांदी टोकाकडून खाली वाळत येते. आमची गावठी लाल जास्वंद दरवर्षी अशी अर्धी मरायची, आणि आम्ही दोष मातीला द्यायचो. या कात्रीचे काप आज तीन महिन्यांनी पाहिले तर डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, पाव इंच वर, तिरके, गुळगुळीत, कडेने साल जुळून आलेली. एकही टोक वाळलेलं नाही.

यातली एक गोष्ट तासगावच्या मावसभावाने शिकवली. तो द्राक्षबागेत रोज सिकेटर चालवतो. बायपास कात्री धरताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे हवं आणि आकडीची बाजू कापून पडणाऱ्या तुकड्याकडे. उलटी धरली तर चेपलेला भाग झाडावरच राहतो. आईने हे एकदा ऐकलं आणि लगेच मनगट फिरवून दाखवलं.

२५ मिलिमीटरची फांदी कापते असं पाकिटावर आहे. ओली अठरापर्यंत सहज. बोगनवेलीच्या जुन्या, वाळक्या बुंध्यावर जोर लावला तर पातं बाजूला झुकतं आणि मधला नट सैल होतो. तिथे करवत घ्या.

गंजाचं म्हणाल तर गोव्याच्या पावसात हे पोलाद गंजणारच. जूनमध्ये खोबरेल लावून ठेवली होती, ते चिकट होऊन कात्री जाम झाली. शिलाई मशीनचं तेल लावल्यापासून त्रास नाही. जाड कापांवर लावायला सुपारीच्या फवारणीतलं उरलेलं मोरचूद आणि चुना घेऊन बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, केलं होतं, शंभर शंभर ग्रॅम, लिटरभर पाण्यात. ते पात्याला लागलं तर लगेच धुवा. मोरचूद लोखंड खातं. माझ्या पात्यावर नखाएवढा तांबूस डाग पडला आहे, तो अजून गेलेला नाही. जास्वंदीला पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) असेल तर पुढच्या झाडाला जाण्याआधी पातं स्पिरिटने पुसा.

स्प्रिंगचं शेवटी असं झालं. गावातल्या सायकलवाल्याकडे जुन्या सामानाच्या डब्यात जवळपास त्याच मापाची स्प्रिंग सापडली, दहा रुपयांत. थोडी कडक आहे. तिच्या पोकळीतून मासे गरवायचा तंगूस ओवून दोन्ही टोकं मुठींना बांधली. आता सुटली तरी लोंबकळत राहते, उडत नाही. ही गाठ कारखान्यात बांधली असती तर मला एवढं लिहावं लागलं नसतं. पण कडक स्प्रिंगमुळे आई चार झुडपांनंतर थांबते, पूर्वी एका बैठकीला सहा करायची.

तर पात्याला पाचपैकी पाच, स्प्रिंगला शून्य, मिळून तीन. घेणार असाल तर आधी सुटी स्प्रिंग मिळते का ते विचारा आणि मिळत असेल तर दोन घेऊन ठेवा.

अनंताच्या झाडाला अजून हात लावलेला नाही. त्याच्या कळ्या जुन्या फांदीवर धरतात, आता छाटला तर यंदाची फुलं गेली. तो फुलं ओसरल्यावर. तोवर मऊ स्प्रिंग मिळाली तर इथेच माप लिहीन.