स्क्रीनवर पी ०३३५ दिसत होता, तरी मी ३८,३५० रुपये मोजले

आकडे आधीच सांगतो, हसायचं ते हसून घ्या. फ्युएल पंप ६,८५०, चार इग्निशन कॉइल ८,६००, थ्रॉटल बॉडी सफाई १,२००, 'नवीन' ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) १८,५००, मजुरी ३,२००. एकूण ३८,३५०. टोइंगचे ३,००० वेगळे. खराब होता तो क्रँक सेन्सर. दुसऱ्या मिस्त्रीने १,३५० चा सेन्सर ४०० रुपये मजुरी घेऊन बदलला, विषय संपला.

पेट्रोल गाडी, १,४६,००० किलोमीटर झालेली. थंड असताना गुणी बाळ. चाळीस मिनिटं पळून तापली की चालता चालता बंद. आचके नाहीत, इंजिन थरथरत नाही, कुणी चावी फिरवावी तसं गप्प. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. सेन्सरची आतली वायंडिंग तापून तुटते, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरतोय हे ईसीएमला कळेनासं होतं आणि तो स्पार्क-पेट्रोल दोन्ही तोडतो.

पंपही तापून असाच दगा देतो, म्हणून पहिल्या गॅरेजवाल्याने आधी पंप काढला याला मी हरकत घेतली नाही. एवढ्या किलोमीटरला कुणीही घेतली नसती. पण त्याने पेट्रोलचा दाब मोजणारा प्रेशर गेज लावलाच नव्हता. गेज न लावता पंप बदलणारा अंदाजाने तुमचे पैसे उडवतो. कॉइलचंही तेच. एक गेली तर एक सिलिंडर चुकतो; चारही एका क्षणी जाऊन वीस मिनिटांनी जिवंत होत नाहीत. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला तर गाडी सिग्नलला, एसी लावल्यावर बंद पडते, ऐंशीच्या वेगात नाही.

आणि ज्या क्षणाची आठवण आली की अजून कानशिलं तापतात तो हा. त्याने स्कॅनर लावला, स्क्रीनवर पी ०३३५ आला, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. मी फोटोही काढला. तो म्हणाला, "साहेब, ईसीएमच गेलाय, तो खोटे कोड दाखवतो." मी मान डोलावली! पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला गाडी हवी होती, दोनदा हायवेवर अडकलो होतो, माणूस अशा वेळी ऐकतो.

ईसीएम बदलला नव्हताच. माझ्या गाडीत नवा ईसीएम टाकला की सगळ्या चाव्या पुन्हा मॅच कराव्या लागतात. मी एकच चावी दिली होती. घरी पडलेल्या दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तेव्हा उजेड पडला. स्टिकरवरचा नंबर जुनाच, बोल्टच्या गंजावर पान्याचा ओरखडासुद्धा नाही.

बंद पडताना आरपीएमचा काटा बघा. गिअरमध्ये गाडी अजून घरंगळतेय आणि काटा एकदम शून्यावर, तर संशय क्रँक सेन्सरवर. सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम शून्यच राहिला तर संशय पक्का. तरी सेन्सर घेण्याआधी वायर आणि कनेक्टर हलवून, तेल शिरलंय का ते बघा. आणि इंजिन बंद पडल्यावर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होतला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. एकदाच दाबून धरा.

पोलीस चौकीत ऐकवलं, "हा दिवाणी मामला आहे." म्हटलं, न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं दिवाणी कसं? उत्तर आलं, "तुम्ही सही करून गाडी घेतली ना?" आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, कारण पक्क्या बिलाला जीएसटी वर पडेल असं गॅरेजवाला म्हणाला होता आणि तो वाचवायला मी हो म्हटलं होतं. चौकीत तीन फेऱ्या, तिन्ही वेळा 'साहेब राउंडला'. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर मीच भांडखोर!

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या नोंदी, स्कॅनरचा फोटो, स्टिकरचा फोटो जोडलेत. तुम्ही काम करून घेणार असाल तर पार्टचा नंबर बिलावर लिहून घ्या, जुना पार्ट त्याच दिवशी हातात घ्या. मी मागितला तेव्हा तो 'भंगारवाला घेऊन गेला' होता.

पंपाचीही शंका होतीच. काल मागची सीट उचलली. तिच्याखालच्या पंपाच्या झाकणावर बोटभर धूळ, स्क्रू जागचे हललेले नाहीत. अर्जात ६,८५० ची आणखी एक ओळ वाढवली.